घरातल्या उजेडासाठी एक लहान लेन्स

लग्नकार्याच्या किंवा सहलीच्या निमित्ताने घेतलेला चांगला कॅमेरा वर्षभरात कपाटात जाऊन बसतो, हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मि.मी.ची झूम लेन्स भर उन्हात उत्तम चित्र देते. परंतु संध्याकाळी, घरातल्या दिव्याखाली तीच लेन्स अपुरी पडते. नातवाचा चेहरा हललेला येतो. फ्लॅश लावला तर आजीचे डोळे मिटतात आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. मग सारे जण मोबाइल काढतात आणि कॅमेरा पिशवीत परततो.

गादीवर बसून हिशेब पाहणारे आजोबा, दिवाळीच्या संध्याकाळी पेढीवर चाललेले वहीपूजन, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसलेली नात हे प्रसंग ठरावीक काळच आपल्यासमोर असतात. ते त्यांच्या मूळ उजेडात टिपण्यासाठी नवा कॅमेरा घेण्याची गरज बहुधा नसते. मोठ्या छिद्राची, लहान आकाराची आणि परवडणारी एक प्राइम लेन्स हे काम करू शकते. मात्र ती निवडताना सर्वसाधारणपणे ऐकू येणारा ‘५० मि.मी.ची घ्या’ हा सल्ला डोळे मिटून मानला, तर तीही लेन्स त्याच कपाटात जाण्याचा संभव असतो. आपली खोली किती लांब-रुंद आहे, हा प्रश्न येथे किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

आकड्यांचा अर्थ

प्राइम म्हणजे एकाच नाभीय अंतराची लेन्स. तिच्यात झूम नसतो. चौकट लहान-मोठी करायची तर स्वतः पुढे-मागे व्हावे लागते. या बंधनाच्या मोबदल्यात मिळते ते मोठे छिद्र, म्हणजे ॲपर्चर. लेन्सवरील ‘एफ’चा आकडा हा नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येतो. त्यामुळे आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. ५० मि.मी. एफ/१.८ या लेन्सचे छिद्र सुमारे २८ मि.मी. व्यासाचे असते. सोबतच्या झूम लेन्सचे ५५ मि.मी.वर एफ/५.६ हे छिद्र जेमतेम १० मि.मी. भरते.

प्रकाशाचे प्रमाण या आकड्यांच्या वर्गावर ठरते. ५.६ ला १.८ ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग केला की ९.७ हे उत्तर येते. अर्थात, एफ/१.८ वर एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. घरातल्या साध्या दिव्यात, आयएसओ ८०० ठेवून, झूम लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल, तर तेथेच एफ/१.८ ला सेकंदाचा सुमारे दीडशेवा भाग पुरतो. पहिल्या वेगाला बोलणाऱ्या माणसाचे ओठ आणि हात हललेले येतात. दुसऱ्या वेगाला खेळते मूलही बऱ्याच अंशी स्थिर येते.

पन्नासची लेन्स स्वस्त का?

स्वस्त वस्तूविषयी व्यापारी मनात शंका येणे स्वाभाविक आहे. येथे मात्र स्वस्ताईचे कारण रचनेत आहे. १८९६ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी ‘प्लानार’ ही सहा भिंगांची, छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी असणारी रचना तयार केली. पुढे सव्वाशे वर्षे अनेकांनी तिच्यात सुधारणा केल्या आणि आजच्या बहुतेक साध्या ५० मि.मी. लेन्स त्याच घराण्यातील आहेत. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत आलेल्या लायका कॅमेऱ्याला ५० मि.मी.ची लेन्स होती. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतांश काम याच मापाच्या लेन्सवर केले. पुढे फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यांसोबत ५० मि.मी.ची लेन्स सर्रास दिली जाई. त्यामुळे उत्पादन प्रचंड वाढले आणि खर्च उतरला.

दुसरे कारण आरशाचे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असतो. कॅननमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मि.मी. आहे, निकॉनमध्ये ४६.५ मि.मी. नाभीय अंतर याहून जास्त असले की साधी रचना चालते. २४ किंवा २८ मि.मी.च्या लेन्सला आरशासाठी जागा सोडण्याकरिता अधिक भिंगे घालावी लागतात. म्हणून मोठ्या छिद्राची रुंद लेन्स जड आणि महाग होते. पन्नासची लेन्स स्वस्त आहे ती कमअस्सल असल्यामुळे नव्हे.

आधी खोली मोजावी

पन्नासचा लौकिक ज्या फिल्मवर झाला, तिची चौकट ३६ मि.मी. रुंद होती. आज बहुसंख्य घरांत असलेल्या प्रारंभिक श्रेणीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर त्याहून लहान, सुमारे २२ ते २४ मि.मी. रुंद असतो. त्याला एपीएस-सी म्हणतात. या लहान सेन्सरवर ५० मि.मी.ची लेन्स फिल्मच्या काळातील ७५ ते ८० मि.मी.इतकी अरुंद चौकट दाखवते.

हिशेब सोपा आहे. समोरच्या माणसाचे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले नाभीय अंतर, म्हणजे चौकटीत मावणारी रुंदी. दहा फुटांवरून एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मि.मी. लेन्समध्ये साधारण साडेचार फूट मावतात, म्हणजे शेजारी बसलेली दोन माणसे. ३५ मि.मी.मध्ये साडेसहा फुटांच्या आसपास रुंदी येते, तिघे बसतात. २४ मि.मी.मध्ये नऊ फुटांहून अधिक, म्हणजे सोफ्यावरचे चौघे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर मात्र ५० मि.मी.मध्येही सात फूट मिळतात.

आता आपल्या दिवाणखान्याचा विचार करावा. बारा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवून उभे राहिले, तरी समोरच्या सोफ्यावर बसलेल्या माणसापर्यंत सात-आठ फूटच उरतात. दुकानात काउंटरच्या पलीकडे तेवढीही जागा नसते. अशा ठिकाणी लहान सेन्सरवरची पन्नासची लेन्स एकट्या माणसाचे सुंदर चित्र देईल, परंतु कुटुंब चौकटीबाहेर राहील. ज्यांना मुख्यत्वे एकेकट्या माणसांची चित्रे काढायची आहेत, त्यांना ती योग्यच आहे; पाच-सहा फुटांवरून चेहऱ्याचे प्रमाण तिच्यात नैसर्गिक येते. ज्यांना माणसासोबत त्याचे घर, दुकान आणि शेजारी बसलेली भावंडेही हवी आहेत, त्यांनी ३५ किंवा त्याहून कमी मापाकडे वळावे.

छायाचित्रांची खतावणी

अंदाजावर पैसे घालण्यापूर्वी पुरावा हाताशी असतो. प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत ते कोणत्या नाभीय अंतरावर काढले, ही नोंद साठवलेली असते. संगणकावर त्या चित्राच्या माहितीत ती दिसते. घरात काढलेली शंभर चित्रे घ्यावीत आणि वहीत तीन रकाने आखावेत: २४ च्या आसपास, ३५ च्या आसपास, ५० च्या आसपास. ज्या रकान्यात सर्वाधिक नोंदी होतील, तीच आपली गरज.

दुसरी कसोटी एका आठवड्याची आहे. सध्याची झूम लेन्स ३५ वर आणून तिच्या कड्याला चिकटपट्टी लावावी आणि आठवडाभर तशीच वापरावी. पुढच्या आठवड्यात ५० वर. कोणत्या आठवड्यात भिंत आडवी आली आणि कोणत्या आठवड्यात चेहरे लहान राहिले, हे आपोआप कळते. या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही.

छिद्र किती मोठे असावे?

एफ/१.८, १.४ आणि १.२ अशा पायऱ्या पाहून सर्वांत लहान आकड्याचा मोह होतो. येथे कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच्या दोन लेन्सचा ताळेबंद बोलका आहे. २०१८ मध्ये आलेली आरएफ ५० मि.मी. एफ/१.२ ही ९५० ग्रॅम वजनाची. अमेरिकेत तिची आरंभीची किंमत सुमारे २३०० डॉलर होती. २०२० मध्ये आलेली आरएफ ५० मि.मी. एफ/१.८ ही १६० ग्रॅमची आणि सुमारे २०० डॉलरची. म्हणजे सव्वादोन पट प्रकाशासाठी सहापट वजन आणि साडेअकरा पट किंमत. व्यावसायिक छायाचित्रकाराला तो फरक वसूल करता येतो. घरगुती वापरात तो पैसा आणि ते वजन दोन्ही अडकून पडतात, कारण जड लेन्सचा कॅमेरा रोज हाती घेतला जात नाही.

बाजारातील निवड

निकॉनच्या लहान सेन्सरच्या डीएसएलआरसाठी २००९ मध्ये आलेली एएफ-एस डीएक्स ३५ मि.मी. एफ/१.८ ही २०० ग्रॅमची लेन्स घरगुती कामासाठी जवळजवळ आदर्श मानावी. झूमच्या तुलनेत तिच्यात त्याच मापावर सुमारे सहापट प्रकाश मिळतो. निकॉनच्या लहान सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी २०२३ ची डीएक्स २४ मि.मी. एफ/१.७ केवळ १३५ ग्रॅमची आहे.

कॅननच्या डीएसएलआरसाठी २०१५ ची ईएफ ५० मि.मी. एफ/१.८ एसटीएम ही सर्वपरिचित, १६० ग्रॅमची. रुंद चौकट हवी असल्यास ईएफ-एस २४ मि.मी. एफ/२.८ ही १२५ ग्रॅमची चपटी लेन्स आहे. परंतु तिच्यात झूमपेक्षा प्रकाश सुमारे दुप्पटच मिळतो, हे ध्यानात घ्यावे. सोनीच्या लहान सेन्सरवर ई ३५ मि.मी. एफ/१.८ ही हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीसह येते. फुल फ्रेमवर सोनीची ५० मि.मी. एफ/१.८ किंवा निकॉन झेडची ४० मि.मी. एफ/२ पुरेशी आहे.

जोडणीची खात्री न करता पैसे देऊ नयेत. निकॉनची जुनी एएफ ५० मि.मी. एफ/१.८ डी स्वस्त मिळते. तिच्यात स्वतःची मोटर नसल्याने डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या कॅमेऱ्यांवर ती आपोआप फोकस करत नाही. कॅननची ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या मिररलेसवर चालते. आरएफ लेन्स मात्र डीएसएलआरवर बसतच नाही.

जुनी लेन्स घेताना

वापरलेली लेन्स घेण्यात कमीपणा नाही, परंतु पारख हवी. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते. मोबाइलची विजेरी एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने पाहावे; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सौदा सोडावा. छिद्राच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा नसावा. आपल्याच कॅमेऱ्यावर लावून जवळचे आणि दूरचे फोकस तपासावे. नवी लेन्स घेताना भारतातील हमीपत्र आणि जीएसटीची पावती घ्यावी. दुकानातील मालाच्या चित्रांसाठी खरेदी असेल, तर पावती कोणत्या नावाने घ्यावी हे कर-सल्लागारास आधी विचारलेले बरे. घरी आणल्यावर ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

वापराचे पथ्य

मोठ्या छिद्राची किंमत उथळ फोकसमध्ये मोजावी लागते. लहान सेन्सरवर ५० मि.मी. एफ/१.८ ने दीड मीटरवरून चित्र काढले, तर साधारण सहा सेंटिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आणि कान धूसर, असे त्यामुळे होते. म्हणून एकच फोकस-बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. दोन माणसे असतील तर एफ/२.८, तीन-चार असतील तर एफ/४ ठेवून सर्वांना एका रांगेत बसवावे. साडी किंवा भांडी अशा मालाच्या चित्रांसाठी कॅमेरा तिवईवर लावून एफ/८ ठेवणे उचित. तेथे मोठ्या छिद्राचा उपयोग नाही. शक्य असेल तेव्हा माणसाला खिडकीशेजारी बसवावे.

ज्यांच्याकडे मोबाइलशिवाय कॅमेराच नाही, त्यांनी केवळ या लेन्ससाठी तो घेण्याची घाई करू नये. दिवसाच्या उजेडात आणि मोबाइलवर पाठवण्यापुरत्या चित्रांत मोबाइल चांगले काम देतो. कॅमेरा घरात असूनही निजलेला असेल, तर मात्र प्रथम मोजपट्टी घ्यावी, दिवाणखान्याचे आणि पेढीचे अंतर मोजावे, शंभर चित्रांची खतावणी करावी आणि मगच दुकान गाठावे. घरातील वडीलधाऱ्यांची छायाचित्रे त्यांच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या उजेडात काढण्यास त्यानंतर अडचण उरत नाही. ती या दिवाळीपूर्वीच काढून, कागदावर छापून घ्यावीत.