आरशात न दिसणारी गाडी

नांदुऱ्यात १०५ फुटी हनुमानाच्या समोरून जातो तो पूर्वीचा एनएच ६, आताचा ५३. ट्रक, एसटी, कार, मोटरसायकल, बैलगाडी, सगळ्यांचा हाच रस्ता. इथे आरशातून निसटलेली जागा, म्हणजे ब्लाइंड स्पॉट, जिवावर बेतते. नव्या गाड्यांत तिच्यावर नजर ठेवणारं यंत्र आलंय. ते ओळखून घेऊ.

बंपरमधला पहारेकरी: मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रडार दडलेलं असतं. बाजूला गाडी आली की आरशावर दिवा लागतो. तरीही त्याच बाजूचा इंडिकेटर दिला, तर दिवा लुकलुकतो. काही गाड्या बीपही देतात.

हॉर्नचा सूर: नांदुरा स्टेशनात न थांबणाऱ्या एक्स्प्रेसचा हॉर्न येताना चढा, गेल्यावर उतरलेला ऐकू येतो. शास्त्रज्ञ डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेला हा परिणाम. स्वतः सोडलेल्या आणि आदळून परतलेल्या लहरींतला असाच फरक मोजून रडार शेजारच्या गाडीचा वेग ओळखतं.

कोलकात्याचं नातं: ७७ गिगाहर्ट्झ रडारची लहर जेमतेम ४ मिलिमीटरची. मिलिमीटर लहरींची करामत जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात लोकांना दाखवली होती. आपला जुना एनएच ६ तिथपर्यंतच जायचा!

डावी बाजू अवघड: आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डावीकडचं कमी दिसतं. म्हणून २०२० च्या होंडा सिटीत डाव्या आरशाखाली कॅमेरा आला. डावा इंडिकेटर दिला की स्क्रीनवर ती बाजू दिसते.

मोटरसायकल उशिरा दिसते: अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१४ मध्ये चाचण्या घेतल्या. यंत्रांनी कारपेक्षा मोटरसायकल सरासरी २६ टक्के उशिरा ओळखली. दुचाक्यांनी भरलेल्या आपल्या रस्त्यांवर हे कायम ध्यानात हवं.

चिखल झाला की आंधळं: काळ्या मातीचा जाड थर बंपरवर बसला की रडारची नजर मंदावते. मागून सुसाट येणारी गाडी काही यंत्रांना फार जवळ आल्यावरच कळते. उभ्या वाहनांकडे अनेक यंत्रं मुद्दाम काणाडोळा करतात, नाहीतर दिवा सारखाच लागेल.

फायदा मात्र खरा: अमेरिकेतल्या अभ्यासात हे यंत्र असलेल्या गाड्यांचे लेन बदलतानाचे अपघात १४ टक्क्यांनी कमी आढळले.

फुकटचा उपाय: अभियंता जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ मध्ये सुचवलं, बाजूचे आरसे आणखी बाहेर वळवा. आरशात आपल्याच गाडीची कड दिसत असेल, तर तेवढी जागा वाया जाते.

ट्रकशेजारी असाल तर: ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तिथे रेंगाळू नका. मागे राहा, नाहीतर सुरक्षित जागा पाहून उजवीकडून पुढे निघून जा.

दिवा लागला तर थांबा. पण दिवा लागला नाही म्हणून रस्ता मोकळा समजू नका. आधी इंडिकेटर, मग आरसा, मग मान वळवून एक नजर, आणि त्यानंतरच स्टिअरिंग वळवा.