संगणक मागच्या तारखेला गेला, हिशेब जागेवर राहिला

मार्च महिना म्हणजे बचत गटांच्या ताळेबंदाचा महिना. गोष्ट २०२२ सालची. आमच्या भागातल्या नऊ गटांचे हिशेब मी घरच्या संगणकावर ठेवते. रजिस्टर असतंच, ते काही सुटत नाही. पण कोणी किती उचललं, किती फेडलं, व्याज किती झालं हे एक्सेलमध्ये घातलं की बेरीज चुकत नाही. ‘ताई, माझे दोनशे कुठं गेले?’ असं कुणी विचारलं, तर तिथल्या तिथं दाखवता येतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बँकेत तीन गटांच्या कर्जाचे कागद द्यायचे होते. बरेचसे आकडे त्याच दिवशी दुपारी घातलेले. आणि नेमकी मला अवदसा आठवली. संगणक हळू चालतो म्हणून इंटरनेटवरून एक फुकटचा ‘स्पीड वाढवणारा’ प्रोग्रॅम उतरवून घेतला. ‘यस, यस’ करत गेले. त्याच्यामागून आणखी दोन-तीन प्रोग्रॅम आपोआप येऊन बसले. शेवटी तो म्हणाला, रीस्टार्ट करा. केलं. निळा पडदा आला, बंद पडला, पुन्हा निळा पडदा. मी देवघराकडे बघितलं.

दुरुस्तीवाल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “काकू, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. डेटा राहील याची गॅरंटी नाही, आणि उद्या संध्याकाळशिवाय जमणार नाही.” फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी, एवढं मला कळतं. माझ्या पोटात गोळा आला. पैसे माझे असते तर गोष्ट वेगळी. पण दर महिन्याला दोनशे रुपये बाजूला काढण्यासाठी आमच्यातल्या काहीजणी काय काय करतात, ते मला ठाऊक आहे. “लेखी रजिस्टर आहे ना?” असं हे म्हणाले. होतं, पण त्यातला दोन महिन्यांचा ताळमेळ बाकी होता, तो मी संगणकावरच करत होते.

रात्री मुलाचा पुण्याहून फोन आला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “आई, रडू नकोस. दिवाळीत मी सिस्टीम प्रोटेक्शन चालू करून गेलो होतो. तू फक्त मी सांगतो ते वाच.”

मैत्रिणींनो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की संगणक अधूनमधून स्वतःची आठवण लिहून ठेवतो. विंडोजची आतली व्यवस्था, रजिस्ट्री नावाची त्याची नोंदवही, ड्रायव्हर, बसवलेले प्रोग्रॅम हे सगळं अमुक दिवशी कसं होतं, याची ती नोंद. तिला ‘रिस्टोअर पॉईंट’ म्हणतात. विंडोजचं मोठं अपडेट किंवा नवीन ड्रायव्हर बसण्याआधी तो बहुतेक वेळा आपोआप होतो. आपल्यालाही करता येतो. ही सोय मायक्रोसॉफ्टने २००० साली ‘विंडोज एमई’मध्ये आणली, पुढच्या वर्षी एक्सपीत आली. म्हणजे वीस वर्षं ती घरात होती आणि मला पत्ता नव्हता!

माझी भीती वेगळीच होती. तीन दिवस मागे गेलं तर दुपारचे आकडेही जाणार ना? मुलगा म्हणाला, नाही. फडताळातली भांडी मूळ जागी लावायची, डब्यातल्या धान्याला हात लावायचा नाही, असं ते काम आहे. आपल्या फाईली, पत्रं, फोटो तसेच राहतात. जातात ते मधल्या काळात बसवलेले प्रोग्रॅम.

संगणक दोन-तीनदा नीट सुरू झाला नाही की विंडोज टेन स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. त्यात आधी ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘सिस्टीम रिस्टोअर’. पासवर्ड विचारला, दिला. समोर तारखा आल्या, एक आठ दिवसांपूर्वीची आणि एक तीन दिवसांपूर्वीची. जवळची निवडली. खाली ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ असं बटण आहे, ते जरूर दाबा. काय काय जाणार, त्याची यादी येते. माझ्या यादीत तो मेला स्पीडवाला होता, आणि परवाच बसवलेला प्रिंटरही.

शेवटी सूचना आली की एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येणार नाही. आणि आमच्याकडे संध्याकाळपासून दिवे लुकलुकत होते! इन्व्हर्टर पंख्या-दिव्यापुरता, संगणकाला जोडलेला नाही. मी मुलाला म्हटलं, “थांब रे जरा.” मग ह्यांनी खुर्चीवर चढून इन्व्हर्टरवरच्या बोर्डापासून स्वयंपाकघरातून एक लांब वायर ओढली. साडेदहा वाजता मी ‘यस’ दाबलं. अर्धा तास आम्ही दोघं त्या फिरणाऱ्या गोल ठिपक्यांकडे बघत बसलो. लग्नानंतर इतका वेळ गप्प बसून एकाच गोष्टीकडे आम्ही कधी बघितलं असेल, मला आठवत नाही.

अकराच्या सुमारास आमचा तो जुना गणपतीचा फोटो पडद्यावर आला. एक्सेल उघडलं. दुपारचा शेवटचा आकडा, सुद्धा, जागेवर! सकाळी सातला उठून प्रिंटर पुन्हा बसवला आणि कागद छापले.

हे ऐकून शेजारच्या वहिनी आल्या. नातवाने मुलीच्या लग्नाचे फोटो पुसून टाकले होते. “मागच्या तारखेला ने ना गं.” मला नाही म्हणावं लागलं, फार वाईट वाटलं. पुसलेले फोटो याने परत येत नाहीत. हार्ड डिस्कच जळाली, तर रिस्टोअर पॉईंटही तिच्यातच जळतो. त्यासाठी वेगळी प्रतच हवी. तेव्हापासून गटांची फाईल दर शनिवारी पेनड्राइव्हवर जाते आणि तो पेनड्राइव्ह कपाटात मंगळसूत्राच्या डबीशेजारी असतो.

तुमच्याकडे विंडोज असेल तर आजच बघा. स्टार्ट दाबून ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉईंट’ एवढं टाईप करायचं. जी खिडकी उघडते, तिथे सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ दिसलं (बऱ्याच संगणकांवर दिसतं) तर ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन चालू करा, थोडी जागा द्या, मग ‘क्रिएट’ दाबून नाव द्या. मी ‘मार्च हिशेब’ असं देते. विंडोज टेनची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, पण ही सोय विंडोज इलेव्हनमध्येही आहे.

त्या दिवशी बँकेतून परतताना हे सगळं मी आमच्या गटाच्या अध्यक्ष मावशींना रिक्षात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आमचं कर्जबी घ्यायच्या आधीच्या तारखेला जातं का गं?”

“नाही मावशी. हप्ता पाच तारखेलाच.”

“मग काय उपयोग,” म्हणाल्या, आणि पिशवीतून शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.