पाणी न मिसळता पाणी निववणारं कुसात्सू

टोकियोच्या उएनो स्थानकावरून सुटलेली गाडी अडीच तासांत नागानोहारा-कुसात्सुगुचीला पोचवते. तिथून बसने वर चढलं की गुन्मा प्रांतातलं, सुमारे १,२०० मीटर उंचीवरचं कुसात्सू येतं. बसमधून उतरताच गंधकाचा वास नाकात शिरतो. उतरत्या गल्लीने गेलं की गावाच्या मधोमध वाफेचे लोट दिसतात. हे युबाताके. मिनिटाला सुमारे ४,००० लिटर पाणी इथे आपसूक जमिनीतून वर येतं. गावातले सगळे झरे धरले, तर आकडा ३२,००० लिटरच्या पुढे जातो.

पण हे पाणी इतकं कढत की अंगावर घेववत नाही. गार पाणी घालावं, तर त्याचा गुण उतरतो असं गावकरी मानतात. म्हणून पाण्यात पाणी न मिसळता ते निववायचं, हे कसब कुसात्सूने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलं आहे.

युबाताकेत त्यासाठी सात लाकडी पन्हळी आहेत. त्यांतून वाहता वाहता पाणी निवतं आणि तळाशी गंधकाचा पिवळट थर धरतो. तोही खरवडून गोळा करतात. शेजारच्या नेत्सुनोयुमध्ये युमोमी चालते. हौदाभोवती उभ्या राहिलेल्या बायका पुरुषभर लांब फळ्या पाण्यात घालून, लोकगीताच्या ठेक्यावर उलटसुलट वळवत पाणी घुसळतात. पर्यटकांनाही फळी हातात मिळते. ती पाण्यात किती जड लागते, ते तेव्हा कळतं.

१८७६ मध्ये जपानला आलेले जर्मन डॉक्टर एर्विन बेल्त्झ यांनी या पाण्याची थोरवी जगाला सांगितली. साइनोकावारा उद्यानात त्यांचा अर्धपुतळा आहे.

वज्रेश्वरी-गणेशपुरीला कपड्यांनिशी कुंडात उतरणाऱ्यांना इथे थोडा धीर करावा लागतो. बायका-पुरुषांचे हौद वेगळे असतात, पण अंगावर चिंधीही ठेवायची नसते. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच हौदात उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, तो डोक्यावर ठेवायचा. चांदीची जोडवी, पैंजण आधीच काढून ठेवावेत. गंधकाने ते काळे पडतात. पाणी लिंबाच्या रसाइतकं आम्ल असतं, डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. पहिल्या खेपेला दोन-तीन मिनिटं पुरे.

या आम्लाची दुसरी बाजू गावाखालच्या युकावा नदीत दिसते. तिच्यात मासे जगत नसत, लोखंड आणि काँक्रीट झिजून जाई. १९६४ पासून चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून रात्रंदिवस या नदीत सोडली जाते, आणि तिचा गाळ खाली शिनाकी धरणात साठतो. युबाताकेइतकीच ही पांढरी धारही पाहण्यासारखी आहे. हौदात पाण्याचा जो गुण जिवापाड जपला जातो, तोच नदीत मारावा लागतो. त्याशिवाय खालच्या गावांना ते पाणी वापरता येणार नाही.