शालेय नवनिर्माण प्रयोगशाळा : नियम कोणी व कसे करावेत?

विद्यार्थ्यांनी केवळ पाठांतर न करता स्वतःच्या हाताने उपकरणे घडवावीत, या उद्देशाने नीती आयोगाच्या अखत्यारीतील अटल इनोव्हेशन मिशनतर्फे २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब स्थापन करण्यात येत आहेत. इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या प्रयोगशाळांत थ्रीडी प्रिंटर, संवेदक, यंत्रमानवाचे सुटे भाग, सोल्डरिंगची साधने इत्यादी साहित्य पुरविले जाते. मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद होती. त्यापैकी १० लाख उभारणीसाठी, तर १० लाख कमाल पाच वर्षांच्या संचालनासाठी होते. देशभरात अशा दहा हजारांहून अधिक प्रयोगशाळा स्थापन झाल्या असून, पुढील पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. या पार्श्वभूमीवर, उभारलेली प्रयोगशाळा प्रत्यक्षात कोण वापरतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सामायिक साधनांची समस्या

सर्वांच्या मालकीच्या साधनाची काळजी कोणीच घेत नाही आणि अखेर ते नष्ट होते, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधील कुरणे, स्पेनमधील कालवे इत्यादींच्या अभ्यासातून वेगळे चित्र दाखविले. वापरकर्त्यांनी स्वतः नियम केले, त्यांवर देखरेख ठेवली आणि उल्लंघनास क्रमाक्रमाने वाढणारी शिक्षा ठेवली, तर सामायिक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतात. या कार्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रातील हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

शाळेत मात्र या समस्येला दुसरी बाजूही आहे. यंत्र बिघडले तर जबाबदार कोण, या भीतीने महागडी उपकरणे कुलूपबंद राहण्याचा धोका असतो. अतिवापराने साधन नष्ट होते, तसेच अवापरानेही ते व्यर्थ जाते. कुलूप नसेल आणि नियमही नसतील, तर धीट व वरच्या वर्गातील मुले यंत्राचा ताबा घेतात. लहान मुले, मुली व नवखे विद्यार्थी केवळ प्रेक्षक उरतात. म्हणून नियम हा सुरक्षिततेइतकाच समान संधीचाही विषय आहे.

फॅबलॅबचा अनुभव

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने फॅबलॅबची संकल्पना विकसित झाली. एमआयटीबाहेरील सुरुवातीच्या फॅबलॅबपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. जगभरातील फॅबलॅबची एक संक्षिप्त सामायिक सनद आहे. माणसांना व यंत्रांना इजा होऊ न देणे, जागा स्वच्छ ठेवणे, देखभालीत हातभार लावणे, घटनांची नोंद देणे आणि आपले ज्ञान इतरांना देणे, ही वापरकर्त्याची कर्तव्ये त्यात येतात. थोडक्यात, प्रवेशाचा हक्क व देखभालीची जबाबदारी यांची तेथे सांगड घातलेली आहे.

नियमावलीचे घटक

शाळेने प्रभारी शिक्षक आणि प्रत्येक इयत्तेतील विद्यार्थी व विद्यार्थिनी यांची समिती नेमून पुढील बाबी निश्चित कराव्यात :

१. सुरक्षितता : सोल्डरिंग आयर्नचे टोक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकते. म्हणून संरक्षक चष्मा, खेळती हवा, बांधलेले केस व शिक्षकांची उपस्थिती यांबाबत तडजोड नसावी. हे नियम मतदानाने शिथिल होऊ नयेत.

२. पात्रता : प्रत्येक यंत्रासाठी लहानशी प्रात्यक्षिक चाचणी असावी. ती उत्तीर्ण होणाऱ्यास इयत्ता न पाहता यंत्र वापरता यावे.

३. वेळेचे वाटप : थ्रीडी प्रिंटरवरील एक वस्तू पूर्ण होण्यास कित्येक तास लागू शकतात. नोंदवहीत क्रम लावावा आणि पहिल्यांदा वापर करणाऱ्यांसाठी काही वेळ राखून ठेवावा.

४. बिघाडाची नोंद : प्रामाणिकपणे कळविलेल्या बिघाडास शिक्षा नसावी, शिक्षेच्या भीतीने लपविलेला दोष पुढच्या विद्यार्थ्यास अपाय करू शकतो. हेतुपुरस्सर उल्लंघनास मात्र प्रथम समज, नंतर फेरचाचणी आणि शेवटी काही काळ मनाई, असा क्रम असावा.

५. कल्पनेचे श्रेय : कोणी काय केले, याची दिनांकासह नोंद ठेवावी. पेटंट अधिनियम, १९७० नुसार शोध नवा असणे आवश्यक आहे. अर्जापूर्वी तो जाहीर केल्यास पेटंटचा हक्क धोक्यात येऊ शकतो, याची जाणीव विद्यार्थ्यांना द्यावी.

नियमावली एका पानात मावेल इतकी लहान, स्थानिक भाषेत लिहिलेली व भिंतीवर लावलेली असावी. दर सत्राअखेर तिचा आढावा घ्यावा.

अनुभवाधारित शिक्षणावर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने भर दिला आहे. नियम करणे, ते पाळणे व गरजेनुसार बदलणे, हादेखील असाच एक अनुभव होय. प्रयोगशाळेचे यश उपकरणांच्या किमतीवरून मोजता येणार नाही. यंत्राला कधीही हात न लावलेला विद्यार्थी तेथे निर्भयपणे प्रवेश करू शकतो काय, हाच त्याचा खरा निकष ठरेल.