मळणीच्या खळ्यावर पाहुण्यांचा मुक्काम

वेल्समधलं जुनं दगडी बार्न, म्हणजे शेतावरचं धान्याचं कोठार, वाऱ्याचा अंदाज घेऊन बांधलेलं असतं. लांबट इमारत, मधोमध समोरासमोर दोन मोठी दारं आणि त्यांच्यामध्ये मळणीचं खळं. हिवाळाभर इथं ओट आणि बार्लीच्या पेंढ्या झोडपायच्या, मग दोन्ही दारं सताड उघडून उफणणी. भूस वाऱ्याबरोबर जायचं, दाणा खाली पडायचा. भिंतीत उभ्या फटी, बाहेरून अरुंद आणि आतून रुंद, म्हणजे पाऊस अडतो पण पेंढ्यांना हवा लागते. कुठेकुठे आढ्याखाली घुबडासाठी भोकही ठेवलेलं दिसतं. उंदरांचा बंदोबस्त त्याच्याकडे. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात 16व्या शतकातलं, दगडी नव्हे पण लाकडी सांगाड्याचं असंच एक बार्न मूळ जागेवरून सोडवून आणून पुन्हा उभं केलं आहे.

कम्बाइन हार्वेस्टर आला आणि खळ्याचं काम संपलं. ट्रॅक्टर त्या दारांत मावेना, म्हणून शेजारी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत ब्रिटनभर 60 लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. नुसत्या मेंढ्यांवर घर चालणार नाही, हे त्या साथीनं अनेकांच्या मनावर ठसवलं. रिकाम्या बार्नमध्ये सुट्टीपुरतं भाड्यानं द्यायचं घर करणं हा जोडधंदा हाताशी होताच.

हे काम नीट केलं तर इमारत खरोखर वाचते. जाणता वास्तुकार खळ्याची जागा आढ्यापर्यंत मोकळी ठेवतो, मोठ्या दारांच्या जागी काच बसवतो आणि फटी रुंद न करता तशाच काचेनं बंद करतो. सांधे चुन्याचेच हवेत; सिमेंट भरलं की ओल भिंतीत कोंडते. छपरात वटवाघळं राहत असतील, तर वेल्सच्या निसर्ग संपदा विभागाचा परवाना मिळेपर्यंत त्या जागेला हात लावता येत नाही. ही शिस्त मला मनापासून पटते.

पटत नाही ती बांधकाम परवानगीतली एक अट. गावाबाहेर नवी घरं वाढू नयेत म्हणून अनेक बार्नना ‘फक्त सुट्टीच्या वापरासाठी’ एवढीच मंजुरी मिळते. म्हणजे अनोळखी कुटुंब तिथं आठवडाभर राहू शकतं, पण त्याच शेतावर वाढलेल्या मुलीला लग्नानंतर तिथं कायमचा संसार थाटता येत नाही. एप्रिल 2023 पासून अशा घराला व्यवसाय म्हणून कर लागायचा, तर ते वर्षात 252 दिवस उपलब्ध आणि 182 दिवस प्रत्यक्ष भाड्यानं गेलेलं हवं. पूर्वी हेच आकडे 140 आणि 70 होते. हे आकडे न गाठणारं घर ‘दुसरं घर’ धरलं जातं, आणि अशा घरांवर स्थानिक परिषदांना 300 टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. सुट्टीची अट असलेल्या घरांना त्या जादा करातून सूट मिळाली, हे न्याय्यच झालं. पण अट मात्र कायम राहिली.

हा प्रश्न वेल्सच्या जिव्हारी लागणारा आहे. 1979 पासून दहाबारा वर्षं तिथं बाहेरच्यांच्या सुट्टीच्या घरांना आगी लावल्या जात होत्या. त्यातच भाषाही ओसरते आहे: 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे 17.8 टक्क्यांवर आले. 2011 मध्ये ते 19 टक्के होते. भाषा टिकायची तर ती बोलणाऱ्या तरुणांना गावात घर मिळायला हवं. पाहुण्यांसाठी बार्न खुशाल सजवावीत, मात्र शेतकऱ्याच्या घरचं किंवा गावातलं कुणी तिथं कायम राहू इच्छित असेल, तर ही अट विनासायास उठलीच पाहिजे.