शब्दांचा व्यवहार

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे शहर कापसाच्या व्यापारासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथील कापूस बाहेर नेता यावा म्हणून १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्ग घालण्यात आला. अशा बाजारपेठेत मालाबरोबर आणखी एका वस्तूची देवघेव अखंड चालू असते. ती वस्तू म्हणजे शब्द.

शब्द ही एक खूण आहे. ‘कापूस’ या उच्चारात पांढरेपणा नाही, की मऊपणा नाही. तरी तो कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनात कापूस उभा राहतो. बोलणारा व ऐकणारा या दोघांनी त्या खुणेचा एकच अर्थ मानलेला असतो, म्हणून हे घडते. वऱ्हाडातील शेतकरी कपाशीच्या झाडाला ‘पऱ्हाटी’ म्हणतो. झाड तेच, शब्द निराळा. पण गावात सर्वांना तो ठाऊक असल्यामुळे कोणाचेही अडत नाही.

ज्या कामाशी माणसाचा निकट संबंध, त्या कामाचे शब्द त्याच्यापाशी विपुल असतात. बोंडातून वेचतात तो कापूस. त्यातून निघणारे बी ती सरकी. सरकी काढल्यावर उरते ती रुई. हा भेद केवळ नावांचा नव्हे. कापसाच्या वजनात रुई सुमारे एक तृतीयांशच असते. म्हणून भाव ठरविताना एकाच्या मनात कापूस व दुसऱ्याच्या मनात रुई असेल, तर भांडणास वेळ लागणार नाही.

वजनाच्या शब्दांनीही पूर्वी पुष्कळ घोटाळा होई. ‘मण’ हा शब्द एकच; परंतु मुंबईकडील मण २८ पौंडांचा, तर बंगालकडील मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. दोघेही खरे बोलत असूनही एकमेकांस खोटे वाटावेत, अशी ही स्थिती होती. १९५६ साली भारत सरकारने वजनमापांचा कायदा केला व पुढे देशभर मेट्रिक मापे रूढ झाली. आता ‘किलोग्रॅम’ म्हटले, की खामगावात व कोलकात्यात एकच वजन समजले जाते.

कधी कधी खूण मुद्दाम लपविलीही जाते. देशातील अनेक बाजारांत पूर्वी दलाल व व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. बोटांची ही भाषा त्या दोघांनाच कळे. ज्याने वर्षभर राबून माल पिकविला, तो शेतकरी शेजारी उभा असूनही अंधारातच राही. पुढे बाजार समित्यांच्या नियमांनी या रीतीस बंदी केली व उघड लिलाव सुरू केला. मोठ्याने उच्चारलेला भाव सर्वांच्या साक्षीचा होतो. तो ऐकल्यावरच शेतकऱ्यास ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येते.

वचन देणे यालाच मराठीत ‘शब्द देणे’ म्हणतात, हे अर्थपूर्ण आहे. शब्द स्पष्ट असावा, दोघांनाही त्याचा अर्थ सारखाच कळावा आणि दोघांनीही तो पाळावा. माणसामाणसांतील विश्वास याच पायावर उभा असतो.