कणा सरळ होत असताना मज्जारज्जूवर पहारा

नवी दिल्ली : मुलाच्या वाकलेल्या कण्यावर शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की पालकांना सर्वाधिक भीती असते ती मुलाचे पाय लुळे पडण्याची. हा धोका कमी प्रमाणात असला तरी खरा आहे. म्हणूनच शस्त्रक्रिया सुरू असताना मज्जारज्जूचे कार्य सतत तपासत राहणे हा उपचाराचा महत्त्वाचा भाग ठरला आहे.

कणा एका बाजूस 10 अंश किंवा त्याहून अधिक वळल्यास त्या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. हे वळण 45 ते 50 अंशांच्या पुढे गेल्यास सामान्यतः शस्त्रक्रियेचा विचार होतो. मणक्यांत स्क्रू बसवून धातूच्या सळयांच्या आधारे कणा सरळ केला जातो. त्या वेळी मज्जारज्जू ताणला जाण्याची, दाबला जाण्याची किंवा त्याचा रक्तपुरवठा घटण्याची शक्यता असते.

पूर्वी यासाठी रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्येच काही क्षण शुद्धीवर आणून पाय हलवण्यास सांगितले जाई. फ्रान्समधील शल्यविशारद स्टान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये ही चाचणी मांडली. मात्र तिच्यातून केवळ त्या क्षणाची स्थिती कळते. शिवाय अगदी लहान मुले सूचना पाळू शकत नाहीत.

आता प्रामुख्याने दोन विद्युत चाचण्या एकत्र वापरल्या जातात. पहिलीत घोट्याजवळील किंवा मनगटाजवळील नसेला सौम्य विद्युतप्रवाह देऊन तो संकेत मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे पाहतात. यातून संवेदना वाहून नेणाऱ्या मार्गाची स्थिती कळते. दुसरीत डोक्याच्या त्वचेवरून मेंदूला विद्युत उत्तेजन देऊन हातापायांच्या स्नायूंचा प्रतिसाद नोंदवतात. हालचालींचे मुख्य मार्ग वेगळे असून त्यांचा रक्तपुरवठाही बव्हंशी वेगळ्या रक्तवाहिनीतून होतो. त्यामुळे केवळ पहिल्या चाचणीवर विसंबल्यास हालचालींच्या मार्गाला झालेली इजा नजरेतून सुटू शकते.

संवेदनेचा संकेत निम्म्याने क्षीण झाल्यास किंवा त्यास 10 टक्के अधिक वेळ लागल्यास तो इशारा मानला जातो. अशा वेळी पथक काम थांबवते. भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतात, हिमोग्लोबिन व शरीराचे तापमान तपासतात. तंत्रज्ञ तारांची जोडणी पडताळतात. संकेत न सुधारल्यास शल्यचिकित्सक सळयांचा ताण सैल करतात, गरज भासल्यास स्क्रू काढतात. इजा कायमची होण्यापूर्वी मिळणारा हा अवधी हेच या पद्धतीचे खरे मोल आहे.

भुलीची निवडही येथे निर्णायक असते. श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या भुलीच्या वायूंमुळे स्नायूंचे प्रतिसाद मंदावतात. त्यामुळे शिरेतून दिल्या जाणाऱ्या भुलीला प्राधान्य मिळते. स्नायू शिथिल करणारी औषधे चाचणीच्या काळात शक्यतो टाळली जातात. उत्तेजनाने जबडा आवळून जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये मऊ आधार ठेवतात. लहान मुलांचे मज्जामार्ग पूर्ण विकसित नसल्याने त्यांचे संकेत मिळवणे अधिक कठीण असते.

संवेदना-चाचणीविषयी 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 51 हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा समावेश होता. अनुभवी तपासणी पथके असलेल्या ठिकाणी मज्जासंस्थेच्या इजांचे प्रमाण निम्म्याहून कमी आढळले. तरीही ही पद्धत पूर्ण हमी देत नाही. कधी खोटा इशारा मिळतो, तर क्वचित खरी इजा निसटते.

त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचारून घेणे हिताचे ठरते : दोन्ही चाचण्या होणार आहेत का, संकेतांवर लक्ष कोण ठेवणार आणि ते क्षीण झाल्यास पुढे काय केले जाईल.